रंगाच्या दुकानाचे ऑनलाइन शेडकार्ड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापशातल्या एका रंगाच्या दुकानासाठी आम्ही फोनवर शेड निवडायचे साधन तयार केले. दुकानदार काउंटर आणि टिंटिंग मशीन (शेडप्रमाणे रंग मिसळून देणारे यंत्र) सांभाळतात, मी डिझाइन आणि कोड पाहते. तेव्हापासून डिचोली, फोंडा, पेडणे इथले दुकानदार, नव्याने वेबसाइटची कामे घेणारी मुले आणि घर रंगवायला काढलेली माणसे त्याच त्याच गोष्टी विचारतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. काही प्रश्न ग्राहकांचे आहेत, काही हे काम करणाऱ्यांचे. ते मी मुद्दामच वेगळे केले नाहीत, कारण ग्राहकाची अडचण कळल्याशिवाय असे साधन बांधता येत नाही.

फोनवर दिसतो तोच रंग भिंतीवर येईल का?

नाही. दुकानदाराने ग्राहकाला हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

फोनचा पडदा लाल, हिरवा आणि निळा असा तीन प्रकारचा प्रकाश थेट डोळ्यांत सोडतो. भिंत स्वतः प्रकाश देत नाही. खिडकीतून किंवा दिव्यातून आलेला प्रकाश तिच्यावर पडतो, त्यातला काही ती गिळते आणि उरलेला परत टाकते. या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत. पडद्यांसाठी एसआरजीबी नावाचे एक समान माप आहे. ते एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडले आणि आजही बहुतेक वेबसाइटी तेच वापरतात. पण माप एक असले तरी पडदे एकसारखे नसतात. एका फोनमध्ये रंग भडक दाखवणारा मोड चालू असतो, दुसऱ्यात रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळसर करणारी सोय. एकच शेड दोन भावांच्या फोनवर शेजारी ठेवून पाहा, फरक लगेच दिसेल.

म्हणून आमच्या साधनात मागणीच्या बटणाला अगदी लागून, मोठ्या अक्षरांत एक ओळ आहे : ‘हा रंग अंदाजासाठी आहे. डबा घेण्याआधी नमुना भिंतीवर पाहा.’ ही ओळ पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत टाकावी, असा आग्रह मला एकदोघांनी केला होता. मी मानला नाही.

मग या साधनाचा उपयोग तरी काय?

एका कंपनीच्या शेडडेकमध्ये दीड-दोन हजार शेड असतात. तो पंख्यासारखा उघडून काउंटरवर ठेवला की माणूस गोंधळतो. मागे ग्राहकांची रांग असते, पेंटर बाहेर थांबलेला असतो, आणि अशा घाईत ‘हा चालेल’ म्हणून कुठल्या तरी शेडवर बोट ठेवले जाते. साधनाचे काम या दोन हजारांतून तीन शेडपर्यंत माणसाला आणणे, तेही घरी, सवडीने, घरातल्या सगळ्यांच्या मताने. त्या तीन शेडचा नमुना दुकानातून न्यायचा, भिंतीवर लावायचा आणि मग ठरवायचे.

माझ्या मते साधन चांगले की वाईट हे एवढ्यावरच ठरते. ज्या साधनातून माणूस सरळ वीस लिटरच्या मागणीवर पोचतो, ते दुकानाचे नुकसान करते. हे मी अनुभवाने सांगते. आमच्या डिचोलीच्या घरी दिवाणखान्यासाठी मी एका वेबसाइटवरून फिकट पिस्ता निवडला होता. वेळ रात्रीची, खोलीत पिवळा दिवा, फोनवर रात्रीचा मोड. नमुना न पाहताच मागणी दिली. रंगाचे दोन हात झाले, सकाळी खिडक्या उघडल्या आणि आई दारातच थांबली. भिंत इस्पितळाच्या कॉरिडॉरसारखी थंड हिरवी दिसत होती. टिंट केलेला माल परत घेत नाहीत, त्यामुळे सगळे पुन्हा करावे लागले. त्या वेबसाइटवर नमुन्याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

सकाळी एक रंग आणि रात्री दुसरा, असे का होते?

दिवा बदलतो म्हणून. प्रकाश किती पिवळा किंवा निळसर हे केल्विनमध्ये सांगतात, आकडा लहान तितका प्रकाश पिवळा. दुपारच्या उजेडासाठी रंगशास्त्रात साधारण ६,५०० केल्विनचे प्रमाण धरतात, तर उबदार पिवळा एलईडी सुमारे २,७०० केल्विनचा असतो. पिवळ्या दिव्यात निळ्या प्रकाशाचा वाटा कमी असतो, म्हणून करडे-निळे रंग मळकट दिसतात आणि बदामी, श्रीखंडी असे रंग खुलतात. याहून फसवी गोष्ट म्हणजे दोन रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळतात आणि घरच्या दिव्याखाली वेगळे पडतात. दोन्हींमधली रंगद्रव्ये वेगवेगळी असली की असे होते. सोफ्याच्या कापडाशी भिंत जुळवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. तुकडा घरी नेऊन दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा पाहणे हाच त्यावर उपाय.

शेडकार्डाचा फोटो काढून त्यातले रंग वेबसाइटवर टाकले तर?

टाकू नका. फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोत उजेडाप्रमाणे रंग आपल्या मनाने सुधारतो. एकाच पानाचे दोन फोटो काढले तरी दोन वेगळी उत्तरे येतात.

स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचे हातात मावणारे यंत्र असते. ते साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, म्हणजे डोळ्यांना दिसणारा, परतलेला प्रकाश टप्प्याटप्प्याने मोजते. त्यावरून लॅब (L*a*b*) नावाच्या रंगमोजणीच्या पद्धतीचे तीन आकडे मिळतात : उजळपणा, लाल-हिरवेपणा आणि पिवळे-निळेपणा. ही पद्धत १९७६ची आहे आणि रंगांच्या धंद्यात आजही तीच चालते. कंपन्या स्वतःच्या शेडचे आकडे विक्रेत्याला देतात. आधी ते मागा, वापरायची लेखी परवानगीही मागा, कारण शेडची नावे आणि कोड कंपनीचे असतात. मिळाले नाहीत तर स्वतः मोजा.

लॅबवरून पडद्याच्या रंगात उतरवताना एक अडचण येते. काही गडद मोरपंखी आणि झणझणीत पिवळ्या शेड साध्या पडद्याच्या आवाक्यातच नसतात. तिथे जवळात जवळचा रंग दाखवावा लागतो. अशा शेडवर आम्ही छोटी खूण ठेवली आहे : ‘प्रत्यक्षात याहून तेजस्वी’. ग्राहकाला ती खूण आवडते, असा माझा अनुभव आहे. आपल्याला खरे सांगितले जाते आहे, हे त्याला कळते.

शेडचे पान कसे मांडावे? आमच्या दुकानाचा रंग नारिंगी आहे, पार्श्वभूमी तीच ठेवू का?

नारिंगी वर लोगोपुरता ठेवा. शेडच्या मागे मध्यम राखाडी हवा.

पॅरिसच्या गोबेलँ या भित्तिवस्त्रे विणणाऱ्या कारखान्यात शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगाईचे प्रमुख होते. तिथे तक्रार आली की काळा धागा फिका पडतो. त्यांनी रंग तपासला, तर रंगात दोष नव्हता. शेजारी निळे-जांभळे धागे होते, म्हणून काळा मळकट दिसत होता. शेजारचा रंग आपला रंग बदलून दाखवतो, हे त्यांनी यातून पुढे सविस्तर मांडले. नारिंगी पार्श्वभूमीवर फिकट राखाडी शेड निळसर दिसेल. ग्राहक ती निळसर म्हणून नेईल आणि घरी गेल्यावर तुम्हाला फोन करील.

चौकोन मोठे ठेवा, फोनवर एका ओळीत तीनपेक्षा जास्त नकोत, आणि मध्ये मोकळी जागा सोडा. माणसाने शेडवर बोट ठेवले की ती अख्खा पडदा भरून दिसली पाहिजे. लहान तुकड्यात सौम्य वाटणारा रंग मोठ्या भिंतीवर जोरकस होतो. पेंटर मंडळींना हे पक्के ठाऊक असते, म्हणून ‘आवडली त्याहून एक घर फिकी घ्या’ असे ते सांगतात. आमच्या साधनात प्रत्येक शेडखाली चार बटणे आहेत : थोडी फिकी, थोडी गडद, थोडी उबदार, थोडी थंड. सगळ्यात जास्त बोटे याच बटणांवर पडतात.

क्रम लावताना लॅबचे आकडे वापरा. वेब डिझाइनमध्ये सर्रास वापरतात ती रंगछटा-तीव्रता-उजळपणाची साधी पद्धत इथे फसते, कारण तिच्या हिशेबात सारख्याच उजळ असलेला पिवळा आणि निळा डोळ्यांना मुळीच सारखे उजळ दिसत नाहीत.

रंगांची नावे मराठीत देण्याचा एवढा आग्रह का? कोड आहे ना?

कोड दुकानाच्या मशीनसाठी असतो. माणसाच्या डोक्यात रंग नावानेच येतो.

एका शुक्रवारी, म्हापशाच्या बाजाराच्या दिवशी, एक आजी दुकानात आल्या. हातातल्या पिशवीतून त्यांनी अबोलीची वेणी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, “होच रंग जाय.” मुलाने नातवंडांची खोली रंगवायला काढली होती. मी साधनात ‘अबोली’ लिहिले, एकही शेड आली नाही. कंपनीच्या यादीत त्या रंगाला समुद्रकाठच्या संध्याकाळचे काहीतरी इंग्रजी नाव होते. दुकानदारांनी डेक उघडला, वेणी पानापानावर ठेवत गेले आणि चौथ्या पट्टीवर थांबले. आजींनी मान हलवली. त्या रात्री मी नावांची यादी करायला बसले.

मराठीत रंगांची नावे आपण वस्तूंवरून घेतली आहेत आणि ती फार नेमकी आहेत. डाळिंबी म्हटले की गडद लाल, त्यात किंचित गुलाबी. आमसुली, अंजिरी, वांगी, जांभळा यांतला फरक साडी नेसणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावा लागत नाही. मोतिया, बदामी, गव्हाळ, श्रीखंडी हे चारही ‘क्रीम’च्या एकाच इंग्रजी खणात कोंबले जातात. पोपटी वेगळा, शेवाळी वेगळा, मोरपंखी तर हिरवाही नाही आणि निळाही नाही. विटकरी, शेंदरी, केशरी, भगवा, पारवा, गुलबक्षी, चिंतामणी. शेवटच्या नावावर नव्या पिढीतली मुले अडतात, पण त्यांच्या आया अडत नाहीत.

गोव्यात याला कोकणीची जोड आहे. हिरव्याला पाचवो, पांढऱ्याला धवो, पिवळ्याला हळदुवो. एकाच घरात नवरा मराठीत शोधतो, सून कोकणीत, मुले इंग्रजीत. तिन्ही शब्दांवर तीच शेड यायला हवी. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. प्रत्येक नावासाठी लॅबमधला एक मध्यबिंदू ठरवायचा आणि त्याच्या जवळच्या पाचपंचवीस शेड दाखवायच्या. अवघड आहे ते मध्यबिंदू ठरवणे. ते मी संगणकाजवळ बसून ठरवले नाहीत. शेडकार्ड घेऊन शेजारपाजारच्या बायकांना, साडीच्या दुकानातल्या माणसांना, देवळाबाहेरच्या फुलवाल्यांना विचारले. अबोलीबद्दल सगळ्यांचे एकमत झाले. चिंतामणीवरून बराच वाद झाला, म्हणून त्याला मोठा परिसर दिला आहे.

आणखी एक. ‘निळा’ लिहिल्यावर फिकट आकाशी आधी दाखवावा की गडद? आम्ही फिकट आधी दाखवतो, कारण शोधणारा माणूस बहुधा अख्खी भिंत रंगवणार असतो.

स्वतःच्या घराचा फोटो टाकून भिंत रंगवून दाखवायची सोय ठेवावी का?

ठेवावी, पण नीट करता येणार असेल तरच. भिंतीवर सपाट रंग ओतला की घर चित्रकलेच्या वहीसारखे दिसते. खऱ्या भिंतीवर सावली असते, खिडकीपाशी उजळपणा असतो, कोपऱ्यात अंधार असतो. म्हणून फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा भिंतीवर ज्या प्रमाणात कमीजास्त होतो ते प्रमाण तसेच ठेवायचे आणि रंग मात्र नव्या शेडचा घालायचा.

दुसरी अडचण फोटोच्याच रंगाची. पिवळ्या दिव्यात काढलेल्या फोटोत पांढरी भिंतही पिवळी असते. आम्ही ग्राहकाला सांगतो की भिंतीवर एक कोरा ए-फोर कागद चिकटवून फोटो काढा. साधन त्या कागदाला पांढरे धरून बाकीचा फोटो सुधारते. कागद अगदी निर्विकार पांढरा नसतो, त्यात किंचित निळसर चमक असते. तरी काहीच नसण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

फोटो आमच्याकडे येत नाही, तो फोनमध्येच राहतो आणि तिथेच रंगवला जातो. लोकांच्या शयनगृहांचे, देव्हाऱ्यांचे फोटो दुकानाच्या सर्व्हरवर साठवून ठेवण्याचे काहीच कारण नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर दुकानदारांनी ही जबाबदारी अंगावर घेऊच नये.

गोव्यातल्या घरांसाठी काही वेगळे करावे लागले का?

खूप काही. इथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. बाहेरच्या भिंतीवर शेवाळ आणि काळी बुरशी धरते. ती अगदी पांढऱ्यावर सगळ्यात आधी दिसते, मध्यम राखाडी किंवा मातकट शेडवर उशिरा. म्हणून बाहेरची भिंत निवडली की साधन आधी विचारते : छप्पर किती पुढे आले आहे, झाडे किती जवळ आहेत.

पहिल्या आवृत्तीत माझ्याकडून एक गोष्ट सुटली होती. आपल्याकडे अंगणात तांबडी माती. पावसाचे थेंब पागोळ्यांतून जोरात पडले की ती माती भिंतीवर हात-दीड हात उंच उडते. जुन्या घरांना खाली गडद पट्टा असतो तो याच कारणाने. माझ्या साधनात भिंत म्हणजे एकच रंग. पेडण्याच्या एका काकांनी फोटोत रंगवलेले घर पाहिले आणि म्हणाले, “वर सगळे छान आहे, पण मृगानंतर खाली काय होणार?” आता पट्ट्यासाठी वेगळी शेड निवडता येते, आणि साधन आपणहून विटकरी, गेरूचा, गडद राखाडी असे पर्याय पुढे करते.

झाडांचा आणि मातीचा रंगसुद्धा घरात येतो. माडा-सुपारीच्या बागेला लागून असलेल्या खोलीत पावसाळ्यात उजेड हिरवट येतो, त्यात फिकट हिरवी शेड भलतीच हिरवी दिसते. समोर मोकळे तांबडे अंगण असेल तर दुपारी छतावर उबदार लाली येते. हे कुठल्याही सूत्रात नीट बसवता आले नाही, म्हणून साधन फक्त विचारते की खिडकीबाहेर काय आहे, आणि उत्तराप्रमाणे एक सूचना देते.

उन्हाचाही विचार हवा. प्रत्येक शेडला परतलेल्या उजेडाचा एक आकडा असतो, काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला शंभर असा. आकडा लहान असेल तर भिंत तापते. पश्चिमेच्या भिंतीला गडद शेड निवडली की साधन हा आकडा दाखवते. काही भडक लाल-पिवळ्या शेड उन्हात फिक्या पडतात आणि कंपनीच त्यांच्यावर ‘फक्त आतल्या भिंतीसाठी’ असे लिहिते. ती माहिती बाहेरच्या यादीतून गाळायलाच वापरायची. गेरू आणि पिवळी माती या लोहाच्या ऑक्साइडच्या रंगांना मात्र ऊनही सोसते आणि चुन्याची तीव्रताही. देवळांच्या पांढऱ्या भिंतींवर तांबड्या मातीने केलेले कावकाम टिकून राहिले, त्यात या गुणाचा वाटा आहे.

तुळशी वृंदावनासाठी वेगळी यादी कशाला?

लोक मागतात म्हणून. घर फिकट रंगवणारी माणसेसुद्धा वृंदावनाला हौसेने चार-पाच गडद रंग देतात. तिथे एका वेळी चार-पाच शेड, त्याही दोनशे मिलिलिटरच्या लहान डब्यांत, अशी निवड लागते. ती भिंतीच्या चौकटीत बसत नव्हती.

‘फोंताइनाससारखे रंग हवेत’ म्हणणाऱ्यांना काय दाखवता?

पणजीतल्या त्या वाड्याची जादू एकट्या पिवळ्यात किंवा निळ्यात नाही. गडद भिंत, पांढऱ्या कडा आणि वेगळ्या रंगाच्या खिडक्या, हे तिन्ही मिळून ते घर तसे दिसते. म्हणून आम्ही एकेक शेड न दाखवता भिंत-काठ-खिडकी अशी त्रिकुटे दाखवतो. काठ गाळला तर तोच निळा फ्लॅटच्या भिंतीवर अंगावर येतो, हे ग्राहकाला बटण दाबून स्वतः पाहता येते. आमच्या साधनात तिथल्या घरांचे फोटो नाहीत. ती लोकांची राहती घरे आहेत, त्यांच्या दारात कॅमेरा घेऊन उभे राहणे मला पटत नाही. त्रिकुटे आम्ही रेखाचित्रांवर दाखवली आहेत.

किती लिटर लागेल हे साधनाने सांगावे का?

जरूर. हिशेब सोपा आहे. १० बाय १२ फुटांची खोली, उंची १० फूट. चार भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. त्यातून ७ बाय ३चे दार आणि ४ बाय ४ची खिडकी वजा केली की उरतात ४०३. आतल्या चांगल्या इमल्शनला, पुट्टी केलेल्या गुळगुळीत भिंतीवर, दोन हातांना लिटरमागे साधारण १०० ते १४० चौरस फूट धरतात. १२० धरले तर ३.३६ लिटर होतात, म्हणजे ४ लिटरचा डबा. चिऱ्याच्या खडबडीत भिंतीला रंग जास्त लागतो, तिथे साधनाने आकडा ठासून न सांगता पेंटरला विचारायला सांगावे. आणि एका भिंतीचा सगळा रंग एकाच वेळी घ्यायला लावावा. दोन डबे असले तर लावण्याआधी एकत्र ढवळून घ्यायचे.

कंपनीचे ॲप असताना दुकानाचे वेगळे कशाला?

कंपनीचे ॲप तिच्याच शेड दाखवते. दुकानात तीन-चार कंपन्यांचा माल असतो. ग्राहकाला आवडलेल्या शेडचा बेस (ज्यात मशीन रंग मिसळते तो मूळ रंग) आज दुकानात आहे का, दुसऱ्या कंपनीत तिच्या जवळची कुठली, हे फक्त दुकानच सांगू शकते. दोन शेडमधले अंतर लॅबच्या आकड्यांवरून काढता येते. ते साधारण एकाच्या आत असेल तर बहुतेकांना फरक कळत नाही. दोन-तीनच्या पुढे गेले तर शेजारी ठेवल्यावर कळतो. आम्ही ‘सारखीच’ असा शब्द कधीच वापरत नाही, ‘जवळची’ म्हणतो.

घरचे सगळे व्हॉट्सअपवर ठरवतात. त्यासाठी काय करावे?

हा प्रश्न मी पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता. गोव्यातल्या कितीतरी घरांत खर्च करणारा भाऊ आखातात असतो, आई गावात आणि बहीण पुण्यात. स्क्रीनशॉट पाठवला की तिघांच्या फोनवर तीन रंग दिसतात आणि कुठल्या शेडबद्दल बोलणे चालले आहे हेच कुणाला कळेनासे होते. आता ‘घरच्यांना पाठवा’ बटण दाबले की चित्रासोबत कंपनी, शेडचे नाव आणि कोड मजकुरात जातो, खाली दुवा असतो. पेंटरसाठीही याचा फायदा होतो. कुणी कानडी बोलतो, कुणी हिंदी, पण कोड सगळ्यांना वाचता येतो.

रेंज नसलेल्या गावात चालेल का?

सत्तरी तालुक्यातल्या काही वाड्यांवर आम्ही हे करून पाहिले. शेड म्हणजे केवळ काही आकडे असतात, तिच्यासाठी चित्र लागतच नाही. दोन हजार शेडची अख्खी यादी एका मध्यम फोटोपेक्षा हलकी होते. ती पहिल्यांदा उतरून घेतली की पुढे इंटरनेट नसले तरी शोध चालतो.

ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही त्यांचे काय?

असे लोक आपल्या आजूबाजूला आहेत, पुरुषांत जास्त. त्यांच्यासाठी प्रत्येक शेडवर नाव आणि रंगाचे कुळ (लाल, हिरवा असे) शब्दांत लिहिलेले असावे. निवडलेल्या शेडला रंगीत चौकट पुरत नाही, टिकमार्क हवा. शेडवर अक्षरे लिहायची तर पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका उजळपणाचा फरक ठेवा, वेब सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुरासाठी तेवढा सांगितला आहे. आम्ही अक्षरे शेडखाली, राखाडी पट्टीवर काळ्याने लिहितो. त्याने शेडही स्वच्छ दिसते.

नमुना नेमका कसा लावायचा?

थेट भिंतीवर छोटा चौकोन लावू नका. जुन्या रंगाच्या शेजारी तो नीट कळत नाही आणि नंतर दोन हातांखालूनही त्याची कड दिसते. जाड पुठ्ठा किंवा प्लायचा दोन फुटी तुकडा घ्या, त्याला प्रायमर द्या, मग दोन हात. कडेला थोडा पांढरा काठ सोडा. पूर्ण वाळू द्या, इमल्शन ओले असताना फिके दिसते आणि वाळल्यावर किंचित गडद होते. पावसाळ्यात याला जास्त वेळ लागतो. चवथीच्या आधी आठ दिवस घाई करणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावे. मग तो तुकडा खोलीत फिरवा : खिडकीसमोर, कोपऱ्यात, दिव्याखाली. जिथे माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट) बांधणार तिथेही धरून पाहा, त्या कोपऱ्यात सणाला सगळे घर बसते. आमच्या साधनात तीन शेड पक्क्या केल्या की मागणीच्या जागी ‘नमुना ठेवा’ हे बटण येते, आणि दुसऱ्या दिवशी तिन्हींचे छोटे डबे काउंटरवर तयार असतात.

लहान मुलांच्या खोलीसाठी शिशाची काळजी करायची का?

घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नसावे असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला. डब्यावर तसे लिहिलेले पाहून घ्या. साधनात आम्ही शेडच्या खाली तो तपशील दाखवतो. जुन्या घराचे खिडक्या-दरवाजे कोरडे घासू मात्र नका, जुन्या ऑइल पेंटच्या थरांत शिसे असू शकते. ओले करून घासा आणि मुलांना तेवढा वेळ दुसरीकडे ठेवा.

दोन वर्षांनी त्याच शेडचा एक डबा लागला तर मिळेल का?

कोड असेल तर बहुधा मिळेल. मशीनमध्ये त्या कोडचे सूत्र असते : कुठला बेस, त्यात कुठले स्टेनर (मिसळायचे गडद रंग) किती. पण कंपन्या कधी शेड बंद करतात, कधी बेस बदलतात, आणि दोन वर्षांत तुमची भिंतही थोडी बदललेली असते. म्हणून नवा रंग मधेच न लावता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत करावी. मशीनवरून डबा निघताना झाकणावर एक स्टिकर लागतो, त्यावर कोड, बेस आणि तारीख असते. पेंटर काम संपवताना झाकणे फेकून देतात, त्याआधी त्या स्टिकरचा फोटो काढा. साधनात ‘माझे घर’ या पानावर तो खोलीच्या नावासह ठेवायची सोय आहे : आईची खोली, बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा), मागची पडवी.